जुन्या मोटारींची रंगजुळणी

जुन्या मोटारींची रंगजुळणी म्हणजे दुरुस्त केलेल्या पत्र्याचा रंग उरलेल्या मोटारीच्या रंगाशी एकरूप करण्याची प्रक्रिया होय. कारखान्याचा रंगक्रमांक मोटार नवी असतानाचा रंग सांगतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे तो पुढे फिका पडतो. त्यामुळे क्रमांकाबरहुकूम केलेला रंगही ठिगळासारखा उठून दिसतो. शेजारचा जुना भाग आधी पॉलिश करून मगच छटा ठरवतात. ओला रंग सुकल्यावर बदलतो, म्हणून पत्र्याच्या वेगळ्या तुकड्यावर फवारा मारून, तो सुकवून दिवसाउजेडी मोटारीशेजारी धरतात. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग उन्हात निराळे दिसू शकतात. यास मेटॅमेरिझम म्हणतात. मेटॅलिक रंगात तर फवाऱ्याचे अंतर व दाब बदलले तरी छटा बदलते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार आहे. लष्करी वाहनांचा रंग बहुधा बिनचकाकीचा असल्याने तो पॉलिश करून जुळवता येत नाही. शिवाय अशा वाहनाचे जुने थर सरसकट खरवडल्यास त्याच्या मूळ रंगाचा व पलटणीच्या खुणांचा पुरावाच नष्ट होतो.