नव्या यंत्रातला दुभाषी

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे दुभाष्याच्या कामाची मला कदर आहे. आज कॅल्क्युलेटरच्या इतिहासातल्या दोन दुभाष्यांची गोष्ट सांगतो.

पडद्यावर आलेख काढून दाखवणारा पहिला कॅल्क्युलेटर, कॅसिओचा एफएक्स-७०००जी, १९८५ साली बाजारात आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला १९९० मध्ये. १९९५ पासून अमेरिकेतल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेला असे यंत्र लागूच झाले. टीआय-८३ (१९९६), टीआय-८३ प्लस (१९९९) आणि टीआय-८४ प्लस (२००४) ही एकाच घराण्यातली भावंडे. आत झेड८० जातीचा प्रोसेसर, बाहेर जवळपास तीच बटणे. 'आता हे बटण दाबा' असे पुस्तकांत छापले गेले आणि शिक्षकांच्या बोटांना त्याची सवय झाली.

२००७ मध्ये याच कंपनीने टीआय-एनस्पायर काढला. प्रोसेसर एआरएम, बटणे वेगळी, कामाची रीतही वेगळी. मग शिक्षकांच्या इतक्या वर्षांच्या सवयीचे काय? कंपनीने टीआय-८४ प्लसची बटणपट्टी सोबत दिली. एनस्पायरची पट्टी काढून ती बसवली की यंत्र टीआय-८४ प्लससारखे वागू लागे. आतला प्रोग्राम झेड८०ची एकेक आज्ञा वाचायचा आणि तिचे काम एआरएमकडून करून घ्यायचा. या कामाला एम्युलेशन म्हणतात. आपण परक्या घरात आहोत, याचा जुन्या प्रणालीला पत्ताच नसतो.

एचपीने हीच युक्ती आधी, २००३ मध्ये केली होती, पण वेगळ्या कारणासाठी. त्यांच्या कॅल्क्युलेटरमधला 'सॅटर्न' प्रोसेसर १९८४ पासूनचा. त्याची रजिस्टर ६४ बिटांची, पण मेमरीतून एका वेळी चारच बिट उचलणारी चाल. त्याच्या भाषेत गणिताचे अफाट काम लिहून झाले होते. ते सगळे नव्याने लिहिण्याऐवजी ४९जी+ मध्ये ७५ मेगाहर्ट्झचा एआरएम बसवला आणि त्याला सॅटर्नचे सोंग घ्यायला लावले. दुभाषी मधे असला की वेळ जातोच. तरीही नवा प्रोसेसर इतका चपळ होता की हे यंत्र खऱ्या सॅटर्नवरच्या ४९जी पेक्षा वेगवान ठरले.

म्हणजे एका ठिकाणी लिहिणाऱ्यांची मेहनत वाचली, दुसऱ्या ठिकाणी वापरणाऱ्यांची. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. आमच्या शाळांत नवी प्रणाली येते तेव्हा जुनी त्याच दिवशी बंद होते, आणि वीस वर्षे शिकवलेला माणूस एका सकाळी नवशिका ठरतो. जुन्या बटणपट्टीसाठी जागा ठेवावी, हे कुणाला सुचत नाही.

पुढे काय झाले? २०११ च्या रंगीत एनस्पायर सीएक्समध्ये ती बटणपट्टी बसत नव्हती. दुभाष्याला रजा मिळाली. जुनी भाषा मात्र गेली नाही. २०१५ मध्ये टीआय-८४ प्लस सीई आला, त्यात ईझेड८० हा झेड८०चाच वारस. ज्याच्यासाठी जागा मोकळी करायची होती तो एनस्पायर आणि ज्याने जागा सोडायची होती तो टीआय-८४, दोघे शेजारी शेजारी विकले जात राहिले.

भाषांचेही असेच असते, दोस्तहो. दुभाषी काही काळ सांभाळून घेतो, पण ती टिकते बोलणारे असतात म्हणून. वर्गात उर्दूचा धडा उघडताना मला हे रोज आठवते.