छळ होतोय, हे तपासायचं कोणी?

नागपूरहून सावनेरला येणारी एसटी छिंदवाडा रोडला लागली की पागलखाना चौक येतो. पाटीवर 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असलं तरी लोकांच्या तोंडी जुनंच नाव. कॉलेजात असताना तिथे बस थांबली की "उतर बे, तुझं घर आलं" हा आमचा ठरलेला विनोद. पुढे पाटणसावंगीच्या बाजूला कन्हान नदीच्या काठी वाकी, ताजुद्दीन बाबांचं. मग सावनेर. आणि हद्द ओलांडून मध्य प्रदेशात गेलं की सौंसर तालुक्यात जामसावळीचा हनुमान, जिथे 'बाहेरचं लागलंय' म्हणून लोक आपल्या माणसांना घेऊन जातात. पागलखाना १८६४ सालचा. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं या एकाच रस्त्यावरून घरोघरची 'अडचणीची' माणसं नेली जातायत.

तर मंडळी, या विकांताचा विषय जरा जड आहे. घरात किंवा संस्थेत राहणाऱ्या, स्वतःची बाजू नीट मांडता न येणाऱ्या दिव्यांग प्रौढ माणसाचा छळ होतोय अशी शंका आली, तर तपासायचं कोणी आणि कसं? लहान मुलांसाठी बालकल्याण समिती असते, एवढं आपल्याला पेपर वाचून माहीत असतं. पण तेच मूल पस्तीस वर्षांचं झालं की?

वाकीपासूनच सुरू करू. ताजुद्दीन बाबा मूळचे कामठीचे, जन्म १८६१. काही काळ पलटणीत नोकरी केली, ती सुटली आणि कामठीत फिरू लागले. कोणी अवलिया म्हणे, कोणी वेडा. पोरं दगड मारत, असं त्यांच्या चरित्रांत येतं. मग एकदा छावणीत साहेब लोकांच्या क्लबासमोर उघडेच गेले, असंही चरित्रकार सांगतात. १८९२ मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या पागलखान्यात झाली आणि १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर काढलं. सोळा वर्षं! पुढे काही वर्षं ते वाकीला काशीनाथ पाटलांकडे राहिले. बाबांच्या चमत्कारांबद्दल मला काही म्हणायचं नाही (ज्याची त्याची श्रद्धा). माझी गाडी अडते ती दुसऱ्याच ठिकाणी. पोरं दगड मारत होती तेव्हाची चौकशी कुठल्याच गोष्टीत येत नाही, साहेबांची अडचण झाल्यावर मात्र ती झाली. आणि त्या चौकशीतही प्रश्न एकच: हा वेडा आहे की नाही?

कायदाच तसा होता म्हणा. आधी १८५८ चा, मग त्याच्या जागी आलेला १९१२ चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट. या १९१२ च्या कायद्याचं पंधरावं कलम वाचताना मी चक्रावलो, कारण त्यात छळाचा चक्क उल्लेख आहे. एखाद्या 'वेड्या'ला नातेवाईक क्रूरपणे वागवतात किंवा त्याची हेळसांड करतात असं पोलिसांकडून वा कोणाकडूनही कळलं, तर मॅजिस्ट्रेटने त्या माणसाला समोर आणवावं, नातेवाइकाला बोलवावं, नीट सांभाळायचा हुकूम द्यावा. मुद्दाम मोडला तर महिनाभर कैद. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने बरंच म्हणायचं की. पण पुढे वाचा. सांभाळायला बांधील कोणी नसेल, किंवा मॅजिस्ट्रेटला योग्य वाटलं, तर डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन त्याच माणसाला पागलखान्यात धाडायची सोय आहे. म्हणजे तक्रार छळाची, आणि आत जाणार छळ सोसणारा! शिवाय छळ झालाय की नाही, हे घरी जाऊन बघणारं प्रशिक्षित माणूस या कलमात कुठेच नाही. पोलीस आहे, मॅजिस्ट्रेट आहे, डॉक्टर आहे. डॉक्टर बघणार ते रोग्याला, त्याच्या घराला नाही. हा कायदा आपण १९९३ पर्यंत वापरला, मग १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला.

घरी जाऊन बघणारं माणूस आलं ते वेगळ्याच वाटेने. १९१७ मध्ये अमेरिकेत मेरी रिचमंड या बाईंनी 'सोशल डायग्नोसिस' नावाचा ग्रंथ लिहिला. नाव डॉक्टरी वाटतं, पण आतला बराचसा भाग पुराव्याबद्दल आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, कोणीतरी सांगितलेलं वेगळं, आणि परिस्थितीवरून काढलेला अंदाज वेगळा. तिन्हींची सरमिसळ करू नका, असा बाईंचा आग्रह. (आमच्या प्रोजेक्टमध्ये बग रिपोर्ट लिहिणाऱ्या सर्वांना हे पुस्तक सक्तीचं करावं असं माझं प्रांजळ मत आहे.) आपल्याकडे हे शास्त्र आलं १९३६ मध्ये, मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं तेव्हा. तेच आजचं टिस. नागपुरात कमलाताई होस्पेट यांच्या मातृसेवा संघाने १९५८ मध्ये समाजकार्याची संस्था काढली.

माझी एक मैत्रीण एमएसडब्ल्यू आहे. तिला विचारलं, तू नक्की बघतेस काय? ती म्हणाली, "सगळ्यात आधी बघते की मला त्या माणसाशी एकट्याने बोलू देतात का." घरचे म्हणतात, मॅडम, त्याला काय कळतंय, आम्हीच सांगतो. मूकबधिर असेल तर दुभाषी म्हणून वहिनीच पुढे येते. जिच्याबद्दल शंका आहे तीच दुभाषी, मग झालंच! म्हणून दुभाषी बाहेरचा. प्रश्न साधे आणि मोकळे: काल काय जेवलास, झोपतोस कुठे, राग आला की घरात कोण काय करतं. 'तुला मारतात का' असं थेट विचारायचं नाही, कारण समोरच्याला खूश करायला 'हो' म्हणायची सवय अनेकांना लागलेली असते, आणि भीतीने 'नाही' म्हणायचीही. मग अंग. खरचटणं कुठेही होतं, पण दोन्ही मनगटांवर, घोट्यांवर सारखे वळ असतील तर ते बांधल्याचे. दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागे निळं पडलं असेल तर नुसत्या पडण्याने तसं क्वचितच होतं. अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीवरच्या जखमा, वजन, नखं. मग घर: खोलीची कडी बाहेरून आहे का, व्हीलचेअर हाताला येईल अशी आहे की माळ्यावर. गोळ्या चालू आहेत, बंद केल्यात, की झोपून राहावा म्हणून जास्तच देतात.

आणि मग पासबुक. हे मला सुचलंच नसतं. निराधार योजनेचे पैसे येतात त्या खात्यातून काढतं कोण, बापाच्या सात-बारावर याचं नाव होतं ते कधी कमी झालं. "आपल्या भागात अर्ध्या केसेस संत्र्याच्या बागेवर जाऊन थांबतात," ती म्हणाली. (हा तिचा अनुभव, आकडेवारी नव्हे.)

सर्वात कठीण भाग याच्यानंतरचा. एकटी सत्तर वर्षांची आई, मुलगा चाळिशीचा, धिप्पाड, रस्त्यावर पळतो. आई शेतात जाताना त्याला खाटेला बांधून जाते. हा छळ आहे का? बांधणं चूकच, त्यात दुमत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडाला बंदीच घातली आहे. पण त्या आईवर गुन्हा नोंदवून मुलाचं काय होणार? इथे तपासणारीला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: त्याच्यावर काय बेततंय, आणि ते कशामुळे बेततंय. द्वेषाने उपाशी ठेवणं आणि दिवसभर सांभाळायला कोणी नसणं, बाहेरून दोन्ही सारखेच वळ दिसतात, उपाय मात्र वेगळे. म्हणून एका भेटीत निकाल द्यायचा नाही, पण जीवाला धोका असेल तर थांबायचंही नाही.

घराबद्दल इतकं, पण संस्थांचं काय? फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यात शिरूरला मतिमंद मुली-महिलांचं सरकारी वसतिगृह होतं. तिथल्या अकरा जणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली. कारण दिलं गेलं ते असं की मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतल्या लोकांनी आवाज उठवला, देशभर बोभाटा झाला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. यात लपूनछपून काहीच नव्हतं हो! सरकारी वसतिगृह, सरकारी रुग्णालय, नामांकित डॉक्टर. वर सांगितलेली तपासणी इथे लावून बघा. त्या बायकांशी एकट्याने कोण बोललं? कापड बदलायला शिकवायचा प्रयत्न किती दिवस केला, मदतीला किती आया होत्या? संमती दिली ती ज्यांची गैरसोय होत होती त्यांनीच. आणि एक गोष्ट मला फार टोचते: गर्भाशय काढल्यावर पाळी थांबते, तसंच आत कोणी अत्याचार केला तर तो उघडा पाडणारी गर्भधारणाही थांबते. अत्याचार थांबत नाही.

अमेरिकेतली गोष्ट याहून शांतपणे घडली. आयोवा राज्यात अटालिसा नावाच्या खेड्यात, जुन्या शाळेच्या इमारतीत बौद्धिक दिव्यांग पुरुष राहायचे आणि टर्की कापण्याच्या कारखान्यात राबायचे. महिन्याला हातात पडायचे ६५ डॉलर. १९७९ मध्येच एका सोशल वर्करने याबद्दल वरिष्ठांना लेखी टिपण दिलं होतं. कोणी काही केलं नाही. २००९ मध्ये तिथल्या लोकांची सुटका झाली, म्हणजे टिपण तीस वर्षं फायलीत. २०१३ मध्ये ज्युरीने २४ कोटी डॉलर भरपाई ठरवली, कायद्यातल्या मर्यादेमुळे ती १६ लाखांवर आली. तपासणारा होता, त्याने बरोबर ओळखलंही होतं, पण त्याचं ऐकणं कोणावर बंधनकारक नव्हतं. इंग्लंडने २०१४ च्या केअर अ‍ॅक्टमध्ये हीच फट बुजवायचा प्रयत्न केला: माणसाला मदतीची गरज आहे, छळाचा धोका आहे, आणि त्या गरजेमुळेच तो स्वतःला वाचवू शकत नाही, असं मानायला जागा असेल तर चौकशी करणं स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य.

आपल्याकडे आज काय आहे? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या आल्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगता असलेल्यांसाठी त्या पालक नेमतात. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. हेळसांड किंवा अफरातफर केली तर त्याला काढता येतं. (पासबुक, बघा!) आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, त्याचं सातवं कलम. छळ, हिंसा किंवा शोषण झालंय, चालू आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते, आणि दंडाधिकाऱ्याने लगेच पावलं उचलायची.  १९१२ च्या कायद्याच्या मानाने मोठा फरक म्हणजे इथे प्रश्न 'हा वेडा आहे का' असा राहिलेला नाही, 'याच्यावर काय बेततंय' असा आहे. पण घरी कोणी जायचं, काय बघायचं, कोणाशी आधी बोलायचं, हे या कलमातही नाही. ते तालुक्याला कोण भेटतं यावर.

तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. म्हणजे सावनेरपुरतं बोलायचं तर अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. अर्जात 'त्याचे फार हाल होतात' एवढंच लिहून भागत नाही, मैत्रीण सांगते. तारीख लिहा, डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहा, शेजाऱ्यांकडून ऐकलेलं वेगळ्या परिच्छेदात लिहा, अंदाज शेवटी. तो माणूस काही बोलला असेल तर त्याच्याच शब्दांत, मोडकंतोडकं असलं तरी तसंच. आणि चौकशीला येणाऱ्याने त्याच्याशी एकट्याने बोलावं अशी मागणी स्पष्ट लिहा, कारण ती आपोआप होत नाही.