सोप्यात सोफा कसा आला

आजच्या बोलण्याचा विषय ऐकून काही जणी हसतील. सोफा दारातून आत कसा न्यायचा, यात इतिहास कसला? पण आम्ही शोधायला बसलो आणि एकेक धागा निघत गेला. अरबस्तान निघालं, मुंबईची चाळ निघाली, आपल्या लग्नातलं सामान निघालं, आणि शेवटी आपल्या घरकुलाची चौकटही निघाली.

सुरुवात एका शब्दापासून करू. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या बायांना 'सोपा' माहीत आहे. घरात शिरल्यावर पुढची बैठकीची जागा म्हणजे सोपा. "पाव्हणं सोप्यात बसल्यात," असं आपण म्हणतो. हा शब्द मुळात अरबी. 'सुफ्फा' म्हणजे बसायचा उंच ओटा, सावलीची ओसरी. आपल्याकडे दिवाण, गालिचा, जाजम हे शब्द आले त्याच काळात मुसलमानी राजवटींच्या कारभारातून हाही आला आणि सोपा झाला. तोच शब्द तुर्कस्तानातून युरोपात गेला. इंग्रजांनी सतराव्या शतकात तो उचलला तेव्हा त्यांच्याही लेखी सोफा म्हणजे गालिचे घातलेला ओटाच होता. पुढे अठराव्या शतकात ते गादी मढवलेल्या लांब बाकाला सोफा म्हणू लागले.

म्हणजे बघा, सोपा आणि सोफा ही एकाच आईची लेकरं. एक घरातच राहिलं, दुसरं जग फिरून आलं. पण फरक लक्षात घ्या. सोपा हा घराचाच भाग. भिंतीबरोबर बांधलेला, शेणाने सारवलेला. त्याला दारातून आत यायची गरजच नव्हती. सोफा बाहेरून येतो, अख्खा येतो, आणि दारात अडकतो.

आपल्या जुन्या घरांत मोठ्या वस्तू नव्हत्या असं नाही. पण त्या एक तर घरातच तयार व्हायच्या, नाही तर सुट्या होऊन यायच्या. बाजेचे पाय वेगळे, पट्ट्या वेगळ्या. घरात आणून जोडायच्या आणि मग सुतळीने विणायची. नवारीच्या पलंगाचंही तसंच. वाड्यातला झोपाळा केवढा मोठा, पण फळी वेगळी आणि पितळी कड्या वेगळ्या. जात्याच्या दोन तळ्या वेगवेगळ्या आत यायच्या. कणगी बुरूड विणायचा, पण शेणामातीने लिंपायची घरातल्या बाईने, आणि एकदा दाणे भरले की ती जागची हलायची नाही. पाहुण्यासाठी घोंगडं अंथरलं की झालं, मोठ्या घरी लोड-तक्के. सगळं गुंडाळून एका काखेत मावणारं.

दारं मात्र लहानच. पांढऱ्या मातीच्या किंवा दगडाच्या हात-दीड हात जाड भिंती, आणि त्यात वाकून शिरायचं दार. वाड्याच्या भल्या थोरल्या दरवाजालाही रोजच्या येण्याजाण्यासाठी दिंडी असायची, म्हणजे मोठ्या कवाडातलं लहान दार. घरात शिरताना माणसाने मान झुकवावी म्हणून दार ठेंगणं, असं म्हातारी माणसं सांगतात. असेलही. आम्हाला मात्र वाटतं की लाकडाची किंमत आणि चोराचं भय हीच खरी कारणं. चौकट जितकी मोठी तितकं लाकूड जास्त, आणि दार जितकं मोठं तितका अडसर जड. त्या ठेंगण्या दाराला कपाळ कुणाचं आपटायचं? डोक्यावर हंडा, कडेवर मूल, अशी दिवसातून पन्नास वेळा आतबाहेर करणाऱ्या बाईचंच. झुकायचं तर ती तशीही झुकतच होती.

सोफा आपल्या मुलखात साहेबाबरोबर आला. साहेबाच्या बंगल्याची दारं उंच आणि रुंद, दोन पाखांची. एकोणिसाव्या शतकात मुंबईत मेडोज स्ट्रीटवर शिसवी लाकडाचं नक्षीदार फर्निचर घडायचं. खुर्च्या, कोच, टेबलं, सगळं पानाफुलांनी भरलेलं आणि भलतं जड. ते साहेबाच्या आणि शेठजींच्या घरी जाई. तिथे दाराचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता गिरण्यांत राबणाऱ्यांच्या घरी. 1896 साली मुंबईत प्लेग आला. गलिच्छ, कोंदट वस्त्या हे त्याचं मोठं कारण मानलं गेलं आणि 1898 साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या त्या बीआयटी चाळी. मग 1920च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे 207 इमारती उभ्या केल्या. त्या बीडीडी चाळी. मधोमध लांब बोळ, दोन्ही अंगाला खोल्या आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून. एक खोली 160 चौरस फुटांची. आपल्याकडच्या बैलाच्या गोठ्याएवढी म्हणा.

आपल्याच गावांची माणसं होती ती. कोकणातली, साताऱ्याची, घाटावरची. बायकामुलं गावी आणि बाप्ये पाळीवर. एका खोलीत कितीतरी जण राहायचे. दिवसपाळीचे रात्री झोपायचे, रातपाळीचे दिवसा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. वळकटी पसरली की शेज, गुंडाळली की बसायला लोड. वर पोटमाळा. ज्या बायका मुंबईत गेल्या, त्यांतल्या कित्येकींनी त्याच एका खोलीत चूल पेटवून खानावळ चालवली. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. तर अशा खोलीत सोफा कुठून येणार? जागाच नव्हती.

हळूहळू बिऱ्हाडं आली, मुलं शिकली, लोखंडी खाट आली, कपाट आलं. तेव्हा खरी कसरत सुरू झाली. मधला बोळ सरळ, आणि खोलीचं दार काटकोनात. वस्तू बोळातून सरळ आणायची, दाराशी येऊन वळवायची आणि मग आत सारायची. पुढून दोघे, मागून दोघे, आणि शेजारचे सगळे सल्ला द्यायला.

आता थोडी गंमत सांगतो. याच वळणाचं कोडं मोठमोठ्या गणितज्ञांनाही पडलं. 1966 साली लिओ मोझर नावाच्या गणितज्ञाने प्रश्न घातला. एक मीटर रुंदीचा बोळ, तो पुढे काटकोनात वळतो. न उचलता, न उभा करता, जमिनीवरून नुसता सरकवत त्या वळणातून नेता येईल असा सर्वांत मोठा सोफा कोणता? प्रश्न पोराने विचारावा तसा सोपा, पण उत्तर सुटेना. 1968 साली हॅमर्सले यांनी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आकार सुचवला. दोन्ही टोकं गोल आणि मध्ये खोल खळगा, म्हणजे वळताना कोपरा त्या खळग्यात शिरतो. 1992 साली गर्व्हर यांनी तो आणखी सुधारला. त्याचं क्षेत्रफळ भरलं सुमारे 2.22 चौरस मीटर. पण याहून मोठा होऊच शकत नाही, हे सिद्ध करायला आणखी 32 वर्षं गेली. 2024 साली दक्षिण कोरियाच्या जिनऑन बेक या तरुणाने शंभराहून अधिक पानांची सिद्धता मांडली. चाळीतल्या हमालाने हे ऐकलं असतं तर तो म्हणाला असता, "उभा करा की!" आणि त्याचं खरंच होतं. गणिताला उचलायची मुभा नव्हती, हमालाला होती.

काही मुलखांत लोकांनी दाराचा नादच सोडला. हॉलंड देशात आम्स्टरडॅम शहरातली जुनी घरं अरुंद आणि उंच, आतले जिने शिडीसारखे उभे. तिथे घराच्या माथ्यावर पुढे आलेली एक तुळई असते आणि तिला आकडा. त्यात कप्पी अडकवायची, दोर सोडायचा, आणि सामान खिडकीतून आत घ्यायचं. शेकडो वर्षं हीच रीत आहे, आजही चालते. मुंबईतही जिन्यात न मावणारा सोफा दोर बांधून गॅलरीतून वर ओढतात. आपण विहिरीवर रहाट वापरतो तशातलंच ते.

आता गावाकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथे आहे. आपल्या घरांत अख्खी, न सुटणारी वस्तू पहिल्यांदा आली ती पोलादी कपाटाच्या रूपात. गोदरेजने अशी कपाटं 1923 पासून बनवली. पुढे कुणीही बनवलं तरी लोक त्याला गोदरेजचंच कपाट म्हणू लागले. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. मग ते लग्नाच्या सामानात शिरलं. रुखवतात पूर्वी शेवया, कुरडया, विणलेली तोरणं असायची. त्याच्या पाठोपाठ कपाट आलं, मग पलंग, मग टीव्ही, मग सोफासेट. टेंपो नवऱ्याच्या दारात उभा राहायचा आणि सगळी आळी बघायला जमायची. कपाट ठेंगण्या दारात अडकलं की चौकटीवरचा थर फोडायचा, नाही तर आडवं करून, पोचे पाडून आत सारायचं. पण परत न्यायचं कुणी नाव काढायचं नाही. कारण त्या कपाटात मुलीच्या बापाचं कर्ज असायचं.

हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. मागून घेतलेलं सामान हा हुंडाच, मग तो सोफा असो की मोटारसायकल. राजीखुशीने दिलेल्या वस्तूंबद्दल 1985 साली नियम झाले. लग्नात आलेल्या भेटींची लेखी यादी करायची. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, त्याचं नातं काय, हे लिहायचं आणि वधूवरांनी सह्या करायच्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितलं की स्त्रीधन हे बाईचंच असतं. सासरच्या घरात ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही, तिथे ती फक्त ठेव असते. आणि 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली स्त्रीधन परत करा, असा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आपल्या गटांत परत आलेल्या लेकी आहेत. त्यांचं कपाट, त्यांचा पलंग, त्यांचा सोफा तिकडेच राहिला. वाजतगाजत आत गेलेलं सामान बाहेर काढायची वेळ आली की तेच दार एकदम अरुंद होतं. "ते आता घराचं झालं," असं सांगतात. तसं ते होत नाही. यादी नसली तरी दुकानाची पावती आणि लग्नातले फोटो उपयोगी पडतात. सोफ्याशेजारी वधू उभी असलेला फोटो तर बहुतेक लग्नांत असतोच.

घराचं मापही बदलत आलं आहे. इंदिरा आवासचं घर निदान 20 चौरस मीटरचं धरत. 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली आणि ते 25 चौरस मीटर झालं, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. घरकुल नवराबायकोच्या दोघांच्या नावे किंवा एकट्या बाईच्या नावे देता येतं. तिकडे बीडीडी चाळींतही 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फुटांची घरं बांधली जात आहेत. वरळीच्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या.

म्हणून घर बांधताना चौकटीचं माप मिस्त्रीवर सोडू नका. पुढचं दार तीन फुटांचं धरतात आणि आतलं अडीच फुटांचं, पण पैसे वाचवायला मिस्त्री पुढेही अडीचच बसवतो. अडीच फुटांच्या चौकटीत लाकडाची जाडी आणि उघडं पाखं वजा जाता मोकळी जागा उरते 25-26 इंच. तिघांच्या सोफ्याची खोली आणि उंची दोन्ही 33 ते 36 इंच असतात. तो सरळ जाणार नाही. मग पाखं बिजागरीतून काढायचं, एक-दीड इंच मिळतो. सोफ्याचे पाय फिरवून निघतात, तेही काढायचे. सोफा एका हातावर उभा करायचा आणि बसायची बाजू आधी दारात घालायची. ती आत गेली की पाठ चौकटीभोवती फिरवत आणायची, वासराला गोठ्याच्या दारातून वळवतो तशी. उभा करायला आत छताची उंची पुरते का, तेही आधी बघायचं.

दुकानात जाताना सुतळीचे दोन तुकडे बरोबर न्या. एक दाराच्या मोकळ्या रुंदीचा, एक उंचीचा. सोफ्याला लावून बघा. घरी आल्यावर सोफ्याएवढा चौकोन खडूने जमिनीवर आखा आणि गटाच्या बैठकीला रोज जितक्या जणी बसता तितक्या जणींना उरलेल्या जागेत बसवून बघा. आमच्या ओळखीच्या दोघीतिघींनी असा चौकोन आखला, आणि सोफ्याऐवजी सुटी होणारी लाकडी दिवाण घेतली. तिच्या खाली दाण्याच्या दोन कोठ्या मावतात.