ते नाव आणि ती नाव

मराठीत ‘नाव’ हा दोन अक्षरांचा शब्द दोनदा भेटतो. ते नाव माणसाचे किंवा गावाचे आणि ती नाव पाण्यातली. कानाला दोन्ही सारखे लागतात, म्हणून पुष्कळांचा समज असतो की एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. तसे नाही. पहिले आले ‘नामन्’पासून, दुसरी ‘नौ’पासून. वापरून वापरून दोघांचे रूप एक झाले, लिंग तेवढे वेगळे राहिले.

एके काळी हा फरक कागदावर दिसत असे. जुन्या मराठी छपाईत माणसाचे ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत, पाण्यातली ‘नाव’ बिनटिंबाची. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ‘अनुच्चारित’ अनुस्वार गेले. लिहिणाऱ्या मुलांची सोय झाली, हे खरेच. पण ते टिंब शोभेचे नव्हते. ‘नामन्’मधला ‘म’ झिजून त्याचा ‘व’ झाला आणि जाताना नाकातला थोडासा आवाज मागे ठेवून गेला. त्याची ती खूण होती. ‘ग्राम’चे ‘गांव’ झाले तेही असेच. गोव्याच्या कोकणीत आजही ‘नांव’, ‘गांव’ असे लिहितात. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग अनुच्चारित म्हणायचे ते कोणाच्या तोंडचे? अशा बोलण्याला शाळेत ‘गावठी’ म्हणून हसत. पोराच्या नाकात संस्कृतातला ‘म’ शिल्लक आहे, हे हसणाऱ्याच्या गावीही नसे.

पाण्यातल्या नावेचा गोतावळा तर आणखी मोठा. संस्कृत ‘नौ’, ग्रीक ‘नाउस’ आणि लॅटिन ‘नाविस’ या सख्ख्या बहिणी. कोणी कोणाकडून उसना घेतलेला हा शब्द नव्हे. तिघी एकाच घरातून निघालेल्या. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे सांगितले, ते अशाच साम्यांच्या आधारावर. लॅटिनच्या पोटची पोर्तुगीज भाषा. तिच्यात मोठ्या जहाजाला ‘नाउ’ म्हणत. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला तो अशीच जहाजे घेऊन. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी ज्यांच्या आयांची ताटातूट झाली, त्या दोन मावसबहिणी पश्चिम किनाऱ्यावर समोरासमोर आल्या. ओळख पटली नाही. तोफांच्या आवाजात ती पटणार तरी कशी!

आपल्याला एक खोड आहे. कोकणातला एखादा शब्द जरा वेगळा वाटला, की तो पोर्तुगीजांच्या खात्यावर मांडून मोकळे व्हायचे. पाव, चावी, बादली, पगार त्यांचेच, कबूल. पण ‘नाव’ त्यांनी आणली नाही. ती इथे होतीच. नुसत्या आवाजावरून नाते जोडायला गेले तर फसगत ठरलेली. हाताचे ते बोट इथले, पाण्यातली ती बोट इंग्रजांकडून आलेली. दोघांचा काडीचा संबंध नाही. शेतातला नांगर ‘लांगल’ या संस्कृत शब्दाचा, जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’चा. आमच्या किनाऱ्यावर भातशेती आणि मासेमारी दोन्ही करणारी घरे आहेत. तिथे हे दोन्ही नांगर एकाच पडवीत पडलेले असायचे.

आणखी एक मावसबहीण फारसीत आहे. तिचेही नाव ‘नाव’च. नावेचा धनी, म्हणजे ‘खुदा’, तो ‘नाखुदा’. मुंबई-रायगडकडच्या कोळीवाड्यांतला ‘नाखवा’ तो हाच. त्याला हाक मारणारा दर वेळी इराणमार्गे आलेली नाव उच्चारत असतो.

ग्रीकांनी मात्र ‘नाउस’वरून एक मजेदार शब्द केला. जहाजावर होणाऱ्या मळमळीला ते ‘नाउसिआ’ म्हणत. इंग्रजीतून तो डॉक्टरांच्या बोलण्यात ‘नॉशिया’ होऊन आला. मुंबईहून आगबोटीने मालवणला उतरण्याच्या काळात आमच्या माणसांनी, ग्रीकांना न विचारता, नेमके तेच केले. ते म्हणत, ‘बोट लागली.’ पुढे आगबोटी बंद झाल्या आणि फोंडाघाटाच्या वळणांवर एसटीत लोक ‘गाडी लागली’ म्हणू लागले. ग्रीकांचा शब्दही तोवर जहाजावरून केव्हाच उतरला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)