लोगो संगणकभाषा आणि बालकांचे गणितशिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शालेय गणित म्हणजे सूत्रांचे पाठांतर, अशी अनेक विद्यार्थ्यांची धारणा असते. सूत्रांमागील अर्थ मुलांना स्वानुभवातून गवसावा, यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या प्रयत्नांत 'लोगो' या संगणकभाषेचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात तिचा उदय, तिच्यावरील आक्षेप व त्यांतून मिळणारा बोध यांचा आढावा घेतला आहे.

उदय व स्वरूप :
अमेरिकेतील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत १९६७ मध्ये वॉली फोयरझाइग, सेमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ही भाषा विकसित केली. पेपर्ट यांनी १९५८ ते १९६३ या काळात जिनिव्हा येथे झाँ पियाजे यांच्यासमवेत कार्य केले होते. मूल आपल्या ज्ञानाची रचना स्वतःच करते, हा पियाजेप्रणीत विचार लोगोच्या मुळाशी आहे.

पुढे या भाषेत 'कासव' आले. पुढे जाण्याची व वळण्याची आज्ञा दिली की ते चालताना रेघ ओढते. समभुज त्रिकोणाचा आंतरकोन ६० अंशांचा, म्हणून मूल कासवास ६० अंशांत वळवते. तीच कृती सहा वेळा केल्यास त्रिकोणाऐवजी षट्कोन तयार होतो. मग मूल स्वतः कासवाप्रमाणे चालून पाहते. वळायचे ते बाह्यकोनाइतके, म्हणजे १२० अंशांत, हे त्यास उमगते. येथे चूक हा शिक्षेचा नव्हे, तर शोधाचा विषय ठरतो. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात पेपर्ट यांनी ही भूमिका विस्ताराने मांडली.

आक्षेप व पुनर्विचार :
१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट महाविद्यालयातील रॉय पी व मिडियन कर्लंड यांनी या अपेक्षांची परीक्षा केली. लोगो शिकलेली मुले नियोजनकौशल्यात इतर मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. यावर पेपर्ट यांनी १९८७ मध्ये प्रतिपादन केले की, परिणाम यंत्राचा नसून ते ज्या शैक्षणिक संस्कृतीत वापरले जाते तिचा असतो. डेव्हिड क्लार व शॅरन कार्व्हर यांच्या १९८८ च्या अभ्यासाने या वादास वेगळे वळण दिले. दोष शोधण्याची पद्धत मुलांना स्पष्टपणे शिकविल्यास तिचा उपयोग ती संगणकाबाहेरील कामांतही करतात, असे त्यात आढळले.

समारोप :
२००७ मध्ये एमआयटीने सर्वांसाठी खुली केलेली 'स्क्रॅच' ही लोगोचीच वारसदार होय. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीत, संगणकीय आज्ञालेखनाच्या उपक्रमांचा समावेश आहे. अशा वेळी लोगोचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. केवळ आज्ञा पाठ करून घेतल्यास जुन्या सूत्रपाठांतराची जागा नवे पाठांतर घेईल. षट्कोन का झाला, हा प्रश्न मुलास विचारणारा आणि उत्तरासाठी थांबणारा शिक्षक घडविणे, हीच या उपक्रमाची खरी पूर्वअट आहे.