सौर औष्णिक प्रकल्पासाठी व्हॉल्व्हची निवड

माधवनगर-सांगली परिसरातील फिटरला वाफेचा व्हॉल्व्ह नवा नाही. साखर कारखान्याचा बॉयलर हंगामात एकदा पेटला, की बहुधा आठवडेच्या आठवडे तापलेला राहतो. आरशांनी सूर्यकिरण एकवटून उष्णता मिळविणाऱ्या सौर औष्णिक प्रकल्पाचे तसे नसते. तो रोज सकाळी तापतो, सायंकाळी निवतो. मध्येच ढग आला तरी तापमान उतरते. वर्षाकाठी शेकडो वेळा होणारे हे प्रसरण-आकुंचन सोसणे, हीच येथील व्हॉल्व्हची खरी कसोटी होय.

त्यामुळे केवळ दाबाचा आणि तापमानाचा आकडा पाहून कॅटलॉगमधून व्हॉल्व्ह निवडणे धोक्याचे ठरते. अखंड पाचरीचा गेट व्हॉल्व्ह गरम असताना घट्ट बंद केला, तर निवल्यावर पाचर बैठकीत आवळली जाते आणि सकाळी चाक फिरत नाही. मग कोणी चाकात पाइप अडकवून जोर लावतो आणि स्पिंडल वाकतो. अशा ठिकाणी लवचीक पाचरीचा किंवा समांतर चकत्यांचा व्हॉल्व्ह घ्यावा. प्रवाह कमी-जास्त करण्याचे काम ग्लोब व्हॉल्व्हकडे द्यावे. अर्धवट उघडा ठेवलेला गेट व्हॉल्व्ह लवकर झिजतो.

यानंतर पाहावे ते नळातून काय वाहते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसविण्यात आल्या, त्या स्वयंपाकासाठी वाफ देण्याकरिता. अशा मध्यम दाबाच्या वाफेला कार्बन पोलादाचा व्हॉल्व्ह पुरतो. मात्र रात्री वाफ निवून नळात निर्वात पोकळी होते, तिचा विचार आधीच करावा लागतो.

राजस्थानातील नोख येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या ५० मेगावॉटच्या प्रकल्पात आरशांच्या रांगांमधून कृत्रिम तेल फिरते. हे तेल ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. ते ग्लँडमधून झिरपून इन्सुलेशनमध्ये मुरले, तर आग लागू शकते. म्हणून स्पिंडलभोवती धातूचा बेलो असलेले, फ्लँजऐवजी नळाला वेल्डिंगने जोडलेले व्हॉल्व्ह महाग असले तरी पत्करावेत. व्हॉल्व्ह स्पिंडल आडवा ठेवून बसविल्यास गळती झाली तरी तेल इन्सुलेशनवर न पडता बाहेर ठिबकते. या साध्या खबरदारीला पैसा लागत नाही, तरीही ती राहून जाते.

उष्णता साठविण्यासाठी सोडियम व पोटॅशियम नायट्रेटचे वितळलेले मिश्रण वापरल्यास अडचण उलटी असते. ते ५६५ अंशांपर्यंत तापविता येते. पण सुमारे २४० अंशांखाली गोठू लागते. त्यामुळे व्हॉल्व्हलाही विजेची तापतार गुंडाळावी लागते. वाफेला उत्तम असणारे ग्रॅफाइटचे पॅकिंग या तापमानाला नायट्रेटच्या संपर्कात टिकत नाही.

बॉयलर नियमांच्या कक्षेत येणाऱ्या वाफेच्या व्हॉल्व्हसोबत आयबीआर प्रमाणपत्र मागावे. त्यावरील हीट नंबर ओतकामावरील नंबराशी जुळतो का, हे माल उतरवितानाच तपासावे. इन्सुलेशन चढल्यावर तो दिसत नाही.