सार्वजनिक उद्यान : उपभोग, झीज आणि निगा

सार्वजनिक उद्यान कशाला म्हणावे, हे आधी निश्चित केले पाहिजे. केवळ झाडे आहेत म्हणून जागा उद्यान ठरत नाही. तसे असते तर कृष्णाकाठचा प्रत्येक उसाचा फड उद्यान ठरला असता. जिथली वनस्पती उत्पन्नासाठी नव्हे तर सहवासासाठी राखली आहे आणि जिथे येण्याचे कारण कोणालाही सांगावे लागत नाही, ती जागा म्हणजे सार्वजनिक उद्यान. या व्याख्येत दोन अटी आहेत. पहिली वनस्पतीच्या प्रयोजनाची, दुसरी प्रवेशाच्या हक्काची. दोहोंपैकी एक जरी लोपली तरी उद्यान संपते, फाटकावरची पाटी तशीच राहिली तरी.

अशा जागेत चालणे, बसणे, खेळणे, पाहणे, विसावणे या सर्वांना मिळून उपभोग म्हणू. उपभोगाने जागेत जो ऱ्हास होतो ती झीज, आणि ती भरून काढणारे नित्यकर्म म्हणजे निगा. निगा आणि निर्मिती यांत गल्लत होऊ नये. कारंजे बांधणे, पथ घालणे ही निर्मिती. ती एका आर्थिक वर्षात पूर्ण होऊ शकते. निगेला समाप्ती नसते. म्हणून तिचा खरा खर्च बांधकामाचा नसून माळ्याच्या मजुरीचा असतो, आणि अंदाजपत्रकात ही रक्कम आधी पाहावी.

झीज तीन प्रकारची : (१) भूमीची, (२) वृक्षांची, (३) हक्काची. सातारा-सांगली परिसरात तिन्हींची उदाहरणे मिळतात, कारण इथल्या मोकळ्या जागांचा उगम एकसारखा नाही. सांगलीची आमराई किंवा साताऱ्याची राजवाड्यासमोरची गोलबाग जुन्या राजधान्यांच्या वारशातून आली. कराडचा प्रीतिसंगम, जिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तो यशवंतराव चव्हाणांच्या समाधीमुळे स्मृतिस्थान झाला. वसाहतींमधले ‘ओपन स्पेस’ नगररचनेच्या नकाशातून निघाले. कासचे पठार आणि सागरेश्वरचे अभयारण्य ही काटेकोर अर्थाने उद्याने नव्हेत. पण झिजेचा नियम तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून विवेचनाचा आरंभ कासपासून करणे योग्य.

कासचे पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, १,२०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. जांभ्या कातळावर मातीचा थर अत्यंत पातळ. पावसाळ्यात तो पाण्याने संपृक्त होतो आणि त्यातच गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांसारख्या ठेंगण्या वनस्पती फुलतात. सीतेची आसवे कीटकभक्षी असून ओलसर थरावर बोटभर उंचीने उभी असतात. अशा जागी बुटाची टाच पडली की तेवढ्या भागातली माती दबते, खड्ड्यात पाणी साचते, आणि फुलातच चिरडलेली वर्षायू वनस्पती बी धरू शकत नाही. म्हणजे एका पावलाचे नुकसान पुढच्या हंगामापर्यंत पोहोचते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांसोबत कासचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि पावले वाढली. मग प्रवेशशुल्क, दैनंदिन संख्येवर मर्यादा आणि भोवतालच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती ही व्यवस्था उभी राहिली.

याच पठारावर दुसरा धडाही मिळाला. संरक्षणासाठी कुंपण घातले गेले, आणि त्याने गुरांची पूर्वापार चराई अडली. गवत वाढले की ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, असा आक्षेप आला. पुढे कुंपण काढण्यात आले. निगा म्हणजे उपभोगाचा अभाव नव्हे, हे यावरून सिद्ध होते. गुराचा खूर आणि पर्यटकाचा बूट या दोन्ही पावलांचे माप, ऋतू आणि जागा वेगळी. निगा म्हणजे हा भेद जाणून केलेली योजना.

हाच नियम शहरात आणला की भूमीची झीज समजते. दोन फाटकांमधला पथ वळणाचा असेल तर लोक हिरवळीतून तिरपी पायवाट पाडतात. तिथे ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावणे हा कनिष्ठ उपाय. पायवाटेवरच फरशी घालणे हा श्रेष्ठ उपाय, कारण तिथे लोकांची गरज स्वतःचा नकाशा काढून दाखवत असते. सांगलीच्या काळ्या मातीत हे अधिक लागू. ही माती ओली असताना पावलाखाली घट्ट दबते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ती फुगली की तिच्यावर केलेले पक्के बांधकाम उचलले जाते. शक्य तिथे मुरमाचा पथ बरा.

वृक्षांची झीज मंद असते, म्हणून दुर्लक्षित राहते. तिचे मुख्य कारण कुऱ्हाड असे मानले जाते. प्रत्यक्षात ते बहुधा सिमेंट असते. झाडाभोवती पार बांधण्याची आपली रीत जुनी आणि प्रेमाची आहे. पण जुना पार दगडमातीचा, सांध्यांतून पाणी मुरू देणारा असे. आता खोडाला भिडवून काँक्रीटचा कट्टा घालतात. काही वर्षांनी खोड जाड होते, साल कट्ट्याच्या कडेवर ओघळल्यासारखी फुगून येते आणि सिमेंटच्या कडेने कापली जाते. झाडाची शोषक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीत असतात. तिला हवा आणि पाणी मिळाले नाही तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि तेव्हा दोष किडीला दिला जातो. झाडाभोवती मोकळे आळे राखणे, त्यात त्याच झाडाचा पाचोळा न जाळता कुजू देणे, खोडात खिळे न ठोकणे ही वृक्षनिगेची किमान त्रयी होय. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याने नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडास प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला. परंतु गणना झाड उभे आहे एवढेच सांगते. त्याचे आळे मोकळे आहे की नाही, हे पाहायला रोज तिथे येणारा माणूस लागतो.

तिसरी झीज हक्काची. ती दोन मार्गांनी होते. एक मार्ग वेळेचा. उद्यान पहाटे चालणाऱ्यांचे आणि संध्याकाळी मुलांचे असते, हे सर्वमान्य आहे. दुपारी मात्र अनेक ठिकाणी फाटक बंद असते. ज्यांना सावलीची गरज सर्वाधिक, त्यांचीच ही वेळ : एसटीने तालुक्याहून कामासाठी आलेला शेतकरी, दवाखान्यात रुग्ण असलेले नातलग, फडक्यातली भाकरी सोडायला जागा शोधणारा हमाल. घरी बाग असलेल्यासाठी उद्यान ही सोय आहे. या लोकांसाठी ती दुपारची एकमेव सावली असू शकते. दुपारी उद्यान बंद ठेवण्यास सबळ कारण दिसत नाही.

दुसरा मार्ग जागेचा. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ही नागरी सोय नगरपालिकांच्या कार्यक्षेत्रात गणली आहे. पण १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे, अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. मालकावर अन्याय होऊ नये हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. मात्र नकाशावर हिरवे रंगवलेले उद्यान एकही रोप लागण्यापूर्वी या रीतीने नाहीसे होऊ शकते. म्हणून आपल्या प्रभागातली आरक्षणे आणि त्यांच्या मुदती माहीत असणे हाही निगेचाच भाग समजावा.

सांगलीपुरती एक विशेष बाब उरते, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर सखल भागातील बागेत काय करावे याचा क्रम निश्चित असावा. प्रथम माती वाफशावर येईपर्यंत आत वर्दळ आणि वाहने नकोत, कारण चिखलात दबलेली जमीन पुढे दीर्घकाळ मोकळी होत नाही. नंतर खोडांच्या बुंध्याशी बसलेला गाळ खोऱ्याने ओढून मूळची पातळी उघडी करावी; नव्या रोपांपासून आरंभ करावा, ती आधी गुदमरतात. तोच गाळ फुलझाडांच्या वाफ्यांत चालतो. घसरगुंडीखालची वाळू मात्र धुऊन भागत नाही, कारण पुराच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते. ती पूर्ण उपसून नवी भरावी आणि तोवर खेळण्याचा तेवढा भाग बंद ठेवावा.